ताईच्या मापाची मोटरसायकल

माझ्या थोरल्या बहिणीची उंची मी इथे लिहिणार नाही. एक तर ती हे वाचणार आहे, आणि दुसरं म्हणजे ती गुरांची डॉक्टर आहे. तिच्याकडे सुया आहेत आणि त्या बैलाच्या मापाच्या आहेत. एवढंच सांगतो, की आमच्या घराण्यात उंचीचं वाढप झालं तेव्हा काका आणि मी पातेलं खरवडून खाल्लं, आणि ताई पानावर बसली तेव्हा वाढणारे हात धुऊन निघून गेले होते. मी दारातून जाताना मान वाकवतो. काका तर आमच्या बडोद्यातल्या मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये पंखा चालू असताना उभेच राहत नाहीत.

पण उंची सोडली तर बाकी सगळं देवाने ताईला दोनदा वाढलंय. सावली तालुक्यातल्या एका गावात एका बैलाने अर्धा गाव झाडावर चढवून ठेवला होता. ताई जीपमधून उतरली, पिशवी खांद्याला लावली, सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काय रे, काय होतंय तुला?" बैलाने मान खाली घातली आणि तोंड उघडून दुखरी दाढ दाखवली. हे मला त्या झाडावरच्या लोकांनीच सांगितलं. ती माणसं थोडं वाढवून सांगतात. मी फक्त त्यांनी सांगितलेलं जरा वाढवतो.

तर अशी ही ताई एका संध्याकाळी घरी आली आणि पोळी नको म्हणाली. मी घाबरलोच. ताईने पोळी नको म्हणणं म्हणजे विश्वामित्री नदीने पाणी नको म्हणणं. आईने खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. ज्या दूधसंघात ती नोकरी करते तिथली गावांच्या फेरीची जीप मोडीत निघाली होती आणि नवी मिळणार नव्हती. साहेबांनी बोलावून सांगितलं होतं, "बेन, स्वतःच्या गाडीने फिरत असाल तर गावं तुमची. नाहीतर एक तारखेपासून ऑफिसात टेबल."

"टेबल चांगलं असतं गं," आई म्हणाली. "पंख्याखाली बसायला मिळेल."

"आई, टेबलाला गाभण राहता येत नाही," ताई म्हणाली आणि खोलीत निघून गेली.

स्कूटर होती तिच्याकडे, नाही असं नाही. पण ती एकदा स्कूटरने गेली होती तेव्हा शेतातल्या बैलगाडीच्या चाकोरीत स्कूटरचं ते वाटीएवढं चाक असं रुतलं, की शेवटी स्कूटर बैलगाडीत बसून आली आणि ताई तिच्या शेजारी. तेव्हा हवी होती मोठ्या चाकांची मोटरसायकल. गियरची गाडी तिला कॉलेजपासून येत होती. अडचण फक्त थांबल्यावर होती. थांबलं की पाय जमिनीला लागावा लागतो, आणि जमीन ताईपासून नेहमीच जरा लांब राहिलेली आहे. जुनीच घ्यायची हे तिचं तिनेच ठरवलं. नवी गाडी शेणात घालताना जीव तुटतो, म्हणाली.

आमच्यात जुनी वस्तू घ्यायला एकटं कुणी जात नाही. मुलगी बघायला गेल्यासारखे जातो. त्यातून काका आयुष्यभर एका कारखान्याच्या सुरक्षा विभागात होते, म्हणून गाडी बघायच्या कामाचे प्रमुख आपोआपच ते झाले. काका म्हणजे काय चीज आहे ते सांगतो. त्यांच्या घरी कुकरची शिट्टी वाजली की सगळ्यांनी स्वयंपाकघर रिकामं करून गॅलरीत जमायचं असतं. केळं सोलण्याआधी ते साल टाकायची जागा ठरवतात. असे काका रविवारी सकाळी स्वतःचं हेल्मेट घालून आले, तेही रिक्षातून.

निजामपुऱ्यात जुन्या मोटरसायकलींचा एक मोठा अड्डा आहे. पत्र्याखाली गाड्या अशा दाटीने उभ्या की एकीला शिंक आली तर शेवटची पडेल. मालक गोल, हसतमुख गुजराती गृहस्थ. "आवो, आवो, बेसो," म्हणाला, आणि माझ्याकडे बघून उंच उंच गाड्या काढायला लागला.

"मला नाही, ताईला," मी म्हणालो.

त्याने ताईकडे बघितलं. मग गाड्यांकडे बघितलं. पण माणूस धंद्याचा. "चालशे!" म्हणाला.

काकांनी हात वर केला. "एक नियम. गाडी मेन स्टँडवर चढवल्याशिवाय आमच्या मुलीने तिच्यावर बसायचं नाही. कलंडली तर?"

नियम सर्वांना पटला. पटला म्हणण्यापेक्षा, काकांशी वाद घालायला सकाळ पुरत नाही. मग मी आणि मालक एकेक गाडी ओढायचो, मेन स्टँडवर चढवायचो, ताई तिच्यावर बसायची, आणि काका गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकायचे, तिचे तळवे आणि फरशी यांच्यामधून पलीकडचा निजामपुरा बघायचे आणि निकाल द्यायचे: "अधांतरी."

दुसरी. "अधांतरी."

लाल पट्ट्याची. "अधांतरीच. उलट जास्त."

माझा शर्ट पिळला तर बादली भरली असती. मालकाने उपाय सुचवायला सुरुवात केली. सीटचा फोम कापून देतो. मागचे शॉक छोटे बसवून गाडी खाली करून देतो. बेनने जाड तळव्याचे बूट घालावेत. काका प्रत्येक उपायावर माझ्या कानाशी येऊन मराठीत कुजबुजायचे. "ह्याचं ऐकू नकोस. भंगार गळ्यात मारतोय. तो निळा ठोकळा बघ, तीनदा तरी आपटलाय. तोंडावर बोलू नकोस हं."

"काका," मालक अगदी स्वच्छ मराठीत म्हणाला, "निळी एकदाच आपटलीये. आणि मी इथल्याच मांडवीत वाढलोय. आमच्या जिन्यात सगळी मराठी बिऱ्हाडं होती."

पिढ्यान् पिढ्या बडोद्यात राहूनही आम्ही मराठी माणसं दुकानात गुपितं मराठीतच बोलतो, आणि पिढ्यान् पिढ्या दुकानदार ती ऐकत आलेत. काकांनी हेल्मेटची काच खाली ओढली.

एव्हाना ताई गप्प झाली होती. मघापासून ती प्रत्येक गाडीवर उत्साहाने चढत होती, आता नुसती चढत होती. एका काळ्या, किडकिडीत, जुन्या गाडीवर बसून तिने दोन्ही पाय लोंबकळत सोडले आणि कुणाकडेच न बघता म्हणाली, "राहू द्या. उद्या जाऊन टेबल कुठे टाकणारेत ते बघून येते."

हीच ती, जी अंगावर आलेल्या बैलाची दाढ तपासते. मी काहीतरी विनोद करणार होतो, तो गिळला आणि तिला उतरता यावं म्हणून गाडीचं हँडल धरलं.

ताईने उतरण्यासाठी पाय मागे घेतला. तिची टाच मागच्या चाकाला लागली. चाक गरगर फिरलं. फिरतच राहिलं.

ताई वळून त्या चाकाकडे बघत राहिली.

"काका," ती म्हणाली, "मागचं चाक हवेत आहे."

"असणारच. मेन स्टँडवर आहे ना."

"मग मी कुठे आहे?"

सकाळपासून आम्ही तिघे धडधाकट, लायसन्सधारी पुरुष एकेक गाडी उचलून उंच करत होतो आणि मग ताई तिला पुरत नाही म्हणून हळहळत होतो. काका कपाळाला हात लावायला गेले तर मधे हेल्मेट.

"मी पण विचार नाही केला हं," मालक म्हणाला. "काकांनी इतकं ठासून सांगितलं..."

"उतरवा सगळ्या," ताई म्हणाली. आवाज परत आला होता.

आणि मग जे काही मी पाहिलं ते बघायला तिकीट लावायला हवं होतं. ताईने पिशवीतून गमबूट काढले. गोठ्यात जाताना घालते ते. "रोज जे पायात असणार त्यातच बघायचं," म्हणाली. चपला काढून ते घातले आणि ती गाड्यांच्या रांगेतून अशी फिरली, जसा जाणता माणूस गुरांच्या बाजारात फिरतो. सीटवर हात दाबून बघितला. गाडी एका बाजूला कलती करून वजनाचा अंदाज घेतला. उंच गाड्या अजूनही उंचच होत्या, त्या तिने एका नजरेत बाद केल्या. एक बुटकी, देखणी, जाडजूड सीटची गाडी मालकाने कौतुकाने पुढे केली. ताई बसली आणि लगेच उतरली.

"बुटकी आहे, पण पाठ रुंद आहे. पाय बाजूला फाकतात, खाली पोचतच नाहीत. ती काळी किडकिडीत आणा."

तीच ती. आता जमिनीवर उभी. सीट पुढे निमुळती, टाकी अरुंद. ताई बसली. दोन्ही पायांचे चवडे टेकले. मग ती सीटवर जराशी डावीकडे सरकली आणि डावा गमबूट अख्खाच्या अख्खा फरशीवर बसला, थप्प.

"दोन्ही तळवे टेकले पाहिजेत," काका गाडीचं कॅरिअर दोन्ही हातांनी धरून म्हणाले.

"काका, म्हैस मी दोन्ही हातांनी उचलून धरत नाही. एका बाजूने टेकून उभी राहते आणि तिचं वजन तिलाच सांभाळू देते. सोडा बघू."

"शॉक छोटे करून देऊ का बेन? अजून खाली येईल," मालक म्हणाला.

"नको. शेतातल्या वाटेवर पोट घासेल तिचं."

मालकाने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी अशा थाटात मान डोलावली, जसं काही तिला हे सगळं मीच शिकवलंय.

"एक आंटो मारी आवो," तो म्हणाला. म्हणजे एक चक्कर मारून या. काकांनी आपलं हेल्मेट काढून तिच्या डोक्यावर बसवलं, पट्टा स्वतः आवळला आणि दोनदा ओढून बघितला. ताई गेली.

चक्कर म्हणजे कोपऱ्यापर्यंत आणि परत, असं आपण समजतो. चहा आला, संपला. ताई नाही. फोन उचलेना. काकांनी संभाव्य अपघात मोठ्याने मोजायला सुरुवात केली. त्यात गॅसची गळती पण होती. मालक आधी हसत होता, मग नुसता दात दाखवत होता, मग त्याने उठून बाहेर उभी असलेली माझी स्कूटर फाटकाच्या आतल्या बाजूला लावली. आम्ही दोघे तारण होतो. दुसरा चहा आला, तो बिनसाखरेचा.

ऊन उतरायला लागलं तेव्हा ती आली. गाडी गुडघाभर चिखलात, ताई कमरेपर्यंत, आणि हेल्मेटवर कडब्याची काडी, तुऱ्यासारखी. आली, ब्रेक मारला, जराशी डावीकडे सरकली, बूट टेकवला. इतक्या सहज, की आम्ही कुणी धरायला उठलोसुद्धा नाही.

"कुठे होतीस?" आम्ही तिघेही ओरडलो. मालकसुद्धा.

"गावात. मला डांबरी रस्त्यावर थोडीच चालवायचीये? ज्या चाकोरीत स्कूटर अडकली होती त्यातून काढून बघितली. निघाली." मग जरा लाजून म्हणाली, "तिथे एक म्हैस अडली होती. पारडी झाली. छान आहे. साहेबांना तिथूनच फोन लावला, म्हटलं गावं माझीच ठेवा. त्यांना म्हशीचं ओरडणं ऐकू जात होतं, म्हणून लगेच हो म्हणाले. आणि उद्या सकाळी चार गोठे कबूल केलेत, त्यामुळे ही गाडी आजच घ्यावी लागेल."

काकांनी डोळे मिटले. घासाघीस करायची म्हणून त्यांनी आठवडाभर तयारी केली होती, आरशासमोर नको-नको अशी मान हलवायचा सराव केला होता, आणि ताईने सगळे पत्ते उघडे करून टेबलावर मांडले होते. पण मालक त्या चिखलाकडे बघत होता. "मागचा ब्रेक उशिरा लागतो," ताईने त्याला सांगितलं. तो म्हणाला, "खबर छे, माहीत आहे मला," आणि पाना घेऊन स्वतःच खाली बसला. नंतर त्याने सांगितलेला भाव इतका रास्त होता की काकांना हलवायला मान मिळाली नाही.

घरी येताना काकांनी ठरवलं की पहिल्या फेरीला जबाबदार माणूस मागे बसला पाहिजे. बसले. मी मागून स्कूटरवर. फतेगंजच्या सिग्नलला ताई थांबली, डावीकडे सरकली, बूट टेकवला. आणि मागून काकांचे ते ताडासारखे पाय दोन्ही बाजूंनी खाली आले आणि रस्त्यावर रोवले गेले, जणू गाडीला आणखी एक मेन स्टँड फुटला.

"काका, पाय वर घ्या," ताई मागे न बघता म्हणाली. "तुम्ही धरलंत की मला तिचा तोल कळत नाही."

"अगं पण..."

"घ्या वर."

सिग्नल अजून लालच होता. आधी काकांचा उजवा पाय उचलला गेला, फूटरेस्टवर बसला. मग बराच वेळ काही झालं नाही. मग डावाही उचलला गेला. त्या भर चौकात, गाड्यांच्या गर्दीत, आमच्या घराण्यातला सगळ्यात सावध माणूस आणि ती काळी गाडी, दोघेही एका गमबुटावर उभे होते, आणि तो गमबूट जराही हलत नव्हता.