रंगूबाईचं हिरवं लुगडं

सतरा वर्षं मी नाटक कंपनीत बाईचं काम केलं. राणी झालो, सासू झालो, आणि विधवा तर इतक्यांदा झालो की मी बांगड्या फोडायला हात उचलला की समोरच्या बायका आधीच पदर डोळ्याला लावायच्या. तेव्हा पडदा ओढायला जानराव होता. शेलूबाजारजवळच्या खेड्यातला, अठरा वर्षांचा पोर. माझा शेवटचा हुंदका पूर्ण झाला की क्षणभर थांबून तो पडदा सोडायचा. तसा पडदा मला पुन्हा कुणी दिला नाही.

कंपनी बुडाली. जानराव कारंज्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये लागला. तिथल्या मशीनने त्याचा उजवा हात कोपरापासून नेला. कायमचा निकामी झाला म्हणून त्याला पेन्शन बसली. तिच्यावर आणि बायकोच्या मजुरीवर घर चाललं. ही बायको म्हणजे रंगूबाई.

ती लग्न होऊन आली तेव्हा घरात सासू नव्हती आणि दीर, विकास, दोन वर्षांचा होता. तिने त्याला न्हाऊ घातलं, शाळेत पाठवलं, त्याचं लग्न लावून दिलं. पुढे नवऱ्याच्या सदऱ्याची बटणंही तीच लावायची. त्यांच्याकडे माझं येणंजाणं होतं. एकदा मी विचारलं, "रंगू, थकत नाहीस?"

"थकून कोणाले सांगू, मास्तर? एकाले हात नाही, दुसऱ्याले अक्कल नाही."

विकास शेजारीच बसून हसत होता.

मागच्या वर्षी जानराव गेला. अशा कामगाराची पेन्शन त्याच्यामागे बायकोला मिळते. त्यात कुणाची मेहेरबानी नाही, तो तिचा हक्कच आहे. तिने पुन्हा लग्न केलं तरच ती बंद होते. रंगूबाईची पेन्शन सुरू झाली आणि पाचव्या महिन्यात थांबली.

विकास आणि मी तिच्यासोबत पेन्शनच्या ऑफिसात गेलो. बाबूने मोबाईल पुढे केला. फोटो तेरवीचा होता. रंगूबाई सतरंजीवर बसलेली आणि विकास तिच्या खांद्यावर हिरवं लुगडं टाकतोय.

"दिराशी लग्न लावलं म्हणून तक्रार आहे," बाबू म्हणाला.

आमच्याकडे तेरवीला माहेरची माणसं विधवेला लुगडं देतात, त्याला दुखवटा म्हणतात. रंगूबाईच्या माहेरचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून विकास भावाच्या जागी उभा राहिला. दुखवट्याला कोणता रंग घ्यावा हे त्याला कोण सांगणार? वयनीला हिरवा आवडतो, एवढंच त्याला ठाऊक. तो लुगडं पांघरवताना सगळं गाव रडलं. त्याची बायको वैभवी हिने फोटो काढून मोबाईलच्या स्टेटसला ठेवला. तोच उचलून ऑफिसला पाठवला हरीओम नावाच्या दलालाने. कागदपत्रं करून देण्याचा त्याचा धंदा. पेन्शनीत वाटा मागायला आला तेव्हा रंगूबाईने त्याला ओसरीवरून हाकललं होतं.

"साहेब, माही बायको घरी आहे," विकास म्हणाला.

"असू दे ना. दोन करणारे काय कमी आहेत?"

शेजारच्या टेबलावरचा फिस्सकन हसला. बाबूने दोन बोटांनी फोटो मोठा केला. लुगडं नाही, तिचा चेहरा. "आणि ही रडताना तर दिसत नाही," म्हणाला.

मी पैसे घेऊन रडलो, तो माझा धंदा होता. हा माणूस खऱ्या विधवेकडून तोच खेळ मागत होता. मी उठलो, छातीत हवा भरली, जुना आवाज काढणार, एवढ्यात रंगूबाईने माझा सदरा ओढला.

"बसा, मास्तर. इथं टाळ्या नाही भेटत."

विकासने शपथपत्र द्यायचं ठरलं. मजकूर बाबूने सांगितला: ही माझी बायको नाही आणि हिच्याशी माझे तसले संबंध नाहीत. विकासचा पेन थांबला.

"मी नाही लिहीत. वयनी, मी पोसतो तुमाले. नको ते पेन्शन."

"तू पोसशील रे. पण थे तुह्या भावाच्या हाताचं आहे. हात काय याइले दान केला होता त्यानं? लिही."

त्याने लिहिलं. अक्षर लहान पोरासारखं वेडंवाकडं आलं. परतताना जीपमध्ये तो तिच्याशेजारी बसला नाही, पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसला. पेन्शन सुरू झाली, पण पुढे कितीतरी महिने कुणी परकं घरात आलं की विकास वयनीजवळून उठून अंगणात जायचा. एका कागदाने त्या घरात एवढी घाण केली होती.

यंदा नोव्हेंबरात हयातीचा आणि पुन्हा लग्न न केल्याचा दाखला द्यायला रंगूबाई निघाली, ती तेच हिरवं लुगडं नेसून. विकास जीपमध्ये पुढे चढायला लागला तशी तिने त्याची कॉलर धरली.

"मागं बस. माह्याजवळ."

ऑफिसात ती दिराला घेऊन थेट त्याच टेबलापुढे उभी राहिली. "घ्या, बाबूसाहेब. लुगडं थेच आहे, देर थोच आहे. काढा फोटो."

बाबूने मान वर केली नाही. घाईघाईने शिक्का मारून कागद सरकवला. तिने तो उजेडाकडे धरून पाहिला आणि परत टेबलावर ठेवला.

"पुसट आला. दुसरा मारा."