टायपिस्ट बाई आणि त्रेसष्ट जणांची यादी

टाइपरायटर भंगारात जाऊन वीस वर्षं झाली, तरी बस डेपोच्या संगणक विभागात त्यांना सगळे टायपिस्ट बाईच म्हणत. बाईंचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. त्यांना अभिमान होता तो एकाच गोष्टीचा, आणि त्या बाबतीत त्या नाकावर माशी बसू देत नसत: तीस वर्षांत या बोटांकडून एकही चूक झालेली नाही! निवृत्तीला चार महिने उरले होते. साहेबांनी ‘निर्दोष सेवा’ असं प्रशस्तिपत्रही छापायला टाकलं होतं.

अशात वरून फर्मान आलं, की संगणकातले अपमानास्पद शब्द काढून टाका. फर्मान चांगलंच होतं हो, नाही कोण म्हणेल? डेपोत दोन यंत्रं होती. एक हुकूम सोडायचं, दुसरं निमूट ऐकायचं. पहिल्याला म्हणत मास्टर आणि दुसऱ्याला स्लेव्ह, म्हणजे मालक आणि गुलाम. ऐकायलाच कसंतरी वाटावं. मग नऊ जणांची समिती बसली आणि बसूनच राहिली. कुणी ‘थोरला-धाकटा’ सुचवलं, तर घरात धाकटे असलेले भांडारप्रमुख रुसले. ‘एक आणि दोन’ म्हटलं, तर दोननं कुणाचं काय घोडं मारलंय, असा सवाल आला. साहेब तर गहिवरलेच. म्हणाले, “गुलाम! यंत्राला तरी अशी हाक मारवते का हो?” आणि त्याच दमात दाराकडे वळून ओरडले, “ए, चहा कुठं मेला?” दारात साठीला टेकलेला शिपाई सकाळपासून उभा होता. त्याला एक स्टूल द्यावं, हे काही विषयपत्रिकेवर नव्हतं.

सातव्या बैठकीत काळी यादी निघाली. डेपोनं ज्यांना कायमचं दार बंद केलं, असे त्रेसष्ट ड्रायव्हर-कंडक्टर तिच्यात होते. वाईटाला काळं म्हणणं बरं नव्हे, हेही खरंच. तिचं नवं नाव ठरलं ‘प्रवेश-नकार यादी’. बाईंना हुकूम झाला: नाव बदला, आतल्या नोंदींना हात लावू नका आणि त्रेसष्टही जणांना सन्मानपूर्वक कळवा.

बाईंनी कळवलं. पत्राचा मसुदा समितीचा. डेपोचं नाव, बोधचिन्ह आणि नऊ सदस्यांच्या सह्या यांनीच पान भरलं, त्यामुळे पुढच्या बाजूला एकच वाक्य मावलं: ‘कळविण्यास आनंद होतो की, आपण यापुढे काळ्या यादीत नाही.’ दुसरं वाक्य मागच्या बाजूला गेलं: ‘आपण आता प्रवेश-नकार यादीत आहात.’

चौथ्या दिवशी खिडकीपाशी एक माणूस आला. जुना गणवेश इस्त्री करून घातलेला, पोटावर बटणं ताणलेली.

“बाई, मी ड्रायव्हर, बिल्ला एकेचाळीस सतरा. नाव निघालं ना माझं? कधीपासून येऊ?”

बाईंनी पत्र उलटं करून दाखवलं. त्यानं मागचं वाक्य दोनदा वाचलं आणि खिडकीची कड घट्ट धरली.

“पण मी प्यायलोच नव्हतो हो. त्या दिवशी मी रजेवर होतो. अकरा वर्षं सांगतोय, आणि इथं सगळ्यांचं एकच, यंत्रात तसंच आहे.”

“मग तसंच असणार,” बाई फणकारल्या. “ती नोंद मी भरलीय.”

याचं तोंड एकदाचं बंद करू, म्हणून त्यांनी कपाटातून दारू पिऊन गाडी चालवल्याची ती मूळ तक्रार शोधून काढली. कागदावर बिल्ला क्रमांक ४१७१. पडद्यावर ४११७. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं, पण आकडे काही जागा बदलेनात. एकेचाळीस एकाहत्तर तर गेल्याच वर्षी थाटामाटात निवृत्त झाला होता. त्याच्या निरोपाच्या भाषणात ‘शिस्तीचा पुतळा’ हे शब्द बाईंनीच टाइप केले होते.

साहेबांनी ऐकलं आणि आधी दार लावून घेतलं.

“अहो बाई, आता डेपोत काळ्या यादीत कुणी उरलंच नाही. कशाला उकरून काढता? ‘तांत्रिक दोष’ लिहा आणि मोकळ्या व्हा. तुमचं प्रशस्तिपत्र छापून आलंय.”

तांत्रिक दोष म्हटलं, की नोंद तपासायला वर जाणार आणि वर्षभर तिथेच मुरणार, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. नियम असा होता, की नोंद भरणाऱ्यानं स्वतः ‘चूक माझी’ असं लिहून सही केली, तर ती तत्क्षणी निघते. आजवर हा नियम कुणी वापरलाच नव्हता, कारण या डेपोत चुका फक्त यंत्रच करत आलं होतं.

खोटं कशाला सांगा, बाईंनी ‘तांत्रिक दोष’ टाइप केलंही. त्या प्रशस्तिपत्रात त्यांचा जीव अडकला होता. भिंतीवरची जागासुद्धा ठरली होती. मग त्यांनी काचेपलीकडे पाहिलं. तो माणूस वाकून, पोट आत ओढून, सुटलेलं एक बटण लावत होता. बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली, की त्यांनी टाइप केलेलं सगळं पुसलं, ‘चूक माझी’ असं लिहिलं आणि खाली पूर्ण नावानं सही ठोकली. नोंद निघाली.

“नोकरीचं नंतर बघू,” ड्रायव्हर म्हणाला. त्यानं आपला मोबाइल लावून खिडकीतून आत दिला. “माझी मुलगी आहे. तेव्हा नऊ वर्षांची होती. जिन्यातली पोरं तिला बेवड्याची म्हणून हाक मारायची. माझं ती ऐकत नाही. यंत्र कशाला खोटं बोलेल, म्हणते. तुम्ही सांगा ना.”

बाईंनी सवयीनं सुरुवात केली, “संगणक विभागातून बोलतेय. आपल्या वडिलांच्या नोंदीसंदर्भात...” आणि पुढचं पत्रातलं एकही वाक्य त्यांना सुचेना. “बाळा, तुझे बाबा त्या दिवशी प्यायले नव्हते गं. ते कामावरच नव्हते. मी चुकीचा आकडा टाकला. चूक माझी आहे.”



“थांबा,” पलीकडून मुलगी म्हणाली, “आईला बोलावते. तिलाही सांगा.”

बाई फोन कानाला लावून थांबल्या.