दुसऱ्या बाजूचं गाणं

इंग्लंडमधल्या रॉचडेलमध्ये आमच्या गल्लीत अल्विन पिकपची दोनच गोष्टींसाठी ख्याती होती: बसगाड्यांची इंजिनं दुरुस्त करणं आणि रॉक संगीतावरून भांडणं. ‘स्लेट हार्बर’ हा त्याचा जीव की प्राण बँड. त्यांचा प्रत्येक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, क्रमानं आणि मधे न बोलता ऐकायचा, असा त्याचा दंडक होता. हिट गाण्यांच्या संग्रहाचं नाव काढलं की तो भडकायचा.

“केकमधले मनुके तेवढे वेचून खाणारी माणसं तुम्ही!” तो पबमध्ये ओरडायचा. “आधीच्या संथ गाण्यानं जीव टांगणीला लागतो, म्हणून तर पुढचं गाणं छातीत घुसतं!”

त्याची धाकटी बहीण डेनिस नेमकी मनुकेवाली. पेट्रोल पंपावर घेतलेला स्लेट हार्बरचा हिट गाण्यांचा संग्रह तिच्या गाडीत सदा वाजत असे. “ये रे प्रोफेसर, बस,” ती त्याला म्हणायची, “आणि तोंड बंद ठेव.” तो गाडीत बसायचा, पण तोंड काही बंद राहायचं नाही.

मग डेनिसला कॅन्सर झाला. शेवटी तिला हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांच्या शुश्रूषागृहात, हलवलं, तेव्हा तिनं भावाला फोन केला. “माझा तो संग्रह घेऊन ये. त्यातलं बंदरावरचं गाणं ऐकायचंय.”

अल्विननं संग्रह नेला नाही. ते गाणं ज्या मूळ अल्बममधलं, त्याची तबकडी आणि आपला जुना रेकॉर्ड प्लेअर उचलून नेला. मी, त्याची शेजारीण, सोबत होते, प्लेअरची वायर धरून.

“एकदा तरी नीट ऐक गं,” तो म्हणाला. “संग्रहात त्याची सुरुवातच छाटलीय.”

पहिली बाजू सुरू झाली. डेनिस डोळे मिटून पडली होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “माझं गाणं कधी?”

“दुसऱ्या बाजूला. जरा धीर धर.”

“अल्विन, सुई उचलून तिथं ठेव ना रे.”

“असं मधूनच नाही ऐकायचं, डेनी.”

मी त्याला कोपरानं ढोसलं. त्यानं लक्ष दिलं नाही. पहिली बाजू संपायच्या आतच डेनिसला कळा सुरू झाल्या, नर्सनं इंजेक्शन दिलं आणि आम्हाला बाहेर काढलं. “उद्या दुसरी बाजू,” अल्विन दारातून म्हणाला. त्यानंतर डेनिस शुद्धीवर आली नाही.

अंत्यविधीला तिची मुलगी ट्रेसी हिनं संग्रहातलंच ते गाणं लावलं, छाटलेल्या सुरुवातीचं. बाहेर आल्यावर ती अल्विनला म्हणाली, “मामा, माझे बाबा बोटीवर कामाला जायच्या आदल्या दिवशी आई त्यांच्यासोबत याच गाण्यावर नाचली होती. ते परत आलेच नाहीत. त्या नाचाचं तुला माहीत नव्हतं?”

“नाही,” अल्विन म्हणाला. “तिनं कधी सांगितलं नाही.”

“तू कधी बोलू दिलंस तिला?”

अल्विनचं मत आजही तेच आहे. परवाच पबमध्ये कुणीतरी मुद्दाम छेडलं, तेव्हा तो हळूच म्हणाला, “संग्रह म्हणजे भंगारच,” आणि ग्लास अर्धा टाकून निघून गेला. दर रविवारी तो ट्रेसीकडे जातो. ती दार उघडते, उंबऱ्यावरच दोन शब्द बोलते. आत ये म्हणत नाही. तरी तो जातो.