चेंडूकडे न बघणारे काका

आठवडाभर दुकानात मशीन चालवायची आणि सुट्टीच्या दिवशी क्लबाच्या मातीच्या टेनिस कोर्टावर, मागच्या रेषेच्या टोकाला खुर्ची टाकून बसायचं, हा शिंपीकाकांचा शिरस्ता. चेंडू आत की बाहेर हे काकांनी सांगायचं आणि बाकीच्यांनी मुकाट्याने ऐकायचं. लोकांना वाटे, काय घारीची नजर आहे! गुपित साधं होतं: काका चेंडूकडे बघतच नसत. धावत्या चेंडूमागे नजर गेली की मन त्याला उगीच पुढे दामटतं. टेकतो रेषेवर आणि आठवतो वीतभर पलीकडे. म्हणून काका रेषेवरच डोळे रोवून बसत. चेंडूला यायचं असेल तर त्याने यावं.

यंदा फायनलला खुद्द काकू होत्या. पन्नाशीनंतर रॅकेट हातात धरलेल्या काकूंना एकदा तरी तो कप घरी आणायचाच होता. समोर बँकवाल्या बाई. त्यांचाही काकांवर पुरता विश्वास, म्हणून खुर्ची काकांचीच राहिली.

काकूंना जिंकायला एकच पॉइंट हवा होता. काकूंनी धावत जाऊन असा काही फटका मारला की काका रेषा विसरून बघतच राहिले. बाईंनी तो परतवला, चेंडू काकूंना चकवून मागे गेला आणि काकांची नजर त्याच्या मागोमाग.

"आउट!"

टाळ्यांचा एकच कडकडाट झाला. काकांनी खाली पाहिलं. मातीत चेंडूचा ठसा होता, रेषेला चिकटून, आतल्या बाजूला. दुसऱ्या कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं, आणि काकू तर लहान मुलीसारख्या उड्या मारत होत्या.

काका उठले. "चुकलो. चेंडू आत होता."

तो पॉइंट गेला, पाठोपाठ सामनाही.

घरी जाताना काका मान खाली घालून चालत होते.

"अहो, तुमचं कधी चुकत नाही. आज काय झालं?"

"तुझ्याकडे बघत होतो. काय मारलास गं तो फटका! मग नजर रेषेवर परत येईचना."

काकू थांबल्याच. "म्हणजे इतकी वर्षं मी तुमच्या नाकासमोर खेळतेय, आणि तुम्ही आज पहिल्यांदा पाहिलंत?"

काकूंना खरं तर राग यायला हवा होता. आलं हसू, तेही डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"पुढच्या वर्षी ती खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी द्या," त्या म्हणाल्या. "कपाचं मी बघते. तुम्ही मला बघा."