नीळकंठ देवळे आणि ‘माडीवरचा मास्तर’

निवृत्तीनंतर माणसं काशीला जातात, गुडघे बदलून घेतात. बारामतीतला माझा शेजारी नीळकंठ देवळे एका कादंबरीमागे लागला. ‘माडीवरचा मास्तर’ हे तिचं नाव. लिहिणारा पुढे फार मोठा झाला, शाली काय, सत्कार काय. ही पहिली कादंबरी कच्ची आहे म्हणून त्याने ती पुन्हा कधी छापू दिली नाही. त्याचं नाव मी मुद्दाम घेत नाही. त्याचा गजर करायला माणसं काही कमी नाहीत.

तरुणपणी हा गृहस्थ इंदापुरात शाळामास्तर होता आणि देवळ्यांच्या माडीवर भाड्याने राहत होता. तो गाव सोडून गेला आणि मागाहून ही कादंबरी आली. नाव ऐकताच गावाने निकाल लावला. मास्तर माडीवर, तर खाली कोण? यशोदाबाई, नीळकंठाची आई. तेव्हा ती पंचविशीतली, दिसायला देखणी. एवढा पुरावा गावाला पुष्कळ झाला.

नीळकंठाच्या वडिलांनी पुण्याच्या प्रकाशकाकडे उरलेल्या सगळ्या प्रती विकत आणवल्या आणि पाणी तापवायच्या बंबात घालायला लावल्या. बायकोला हाकललं नाही, हातही उगारला नाही. फक्त तिच्याशी बोलणं बंद केलं. “नीळू, आईला सांग, आमटीत मीठ कमी आहे.” आई हातभर अंतरावर वाढायला उभी. शेवटच्या आजारपणात पाणीसुद्धा त्यांनी असंच मागितलं. त्या माणसाचा मला आजही राग येतो.

त्या पुस्तकात आईबद्दल नेमकं काय लिहिलंय, एवढंच नीळकंठाला जाणून घ्यायचं होतं. लेखक तर केव्हाच वारला होता. मग पुण्यातली रद्दीची दुकानं झाली, बंद पडलेली वाचनालयं झाली. एके ठिकाणी नोंद सापडली, पुस्तक नव्हतं. इंदापुरातल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर जो तो म्हणे, “मी न्हाय वाचली, पर समद्यास्नी ठावं हाय.” सगळ्यांना ठाऊक, वाचलेला एकही नाही!

गेल्या वर्षी यशोदाबाईंनी अंथरूण धरलं. अंथुर्णे गावच्या कुशाबाईला त्या दर दिवाळीला लुगडं पाठवत. ही त्यांच्याकडे पूर्वी घरकामाला होती. या खेपेला म्हणाल्या, दिवाळीचा काय भरवसा, आत्ताच देऊन ये. म्हणून नीळकंठ खंडेनवमीलाच निघाला आणि मीही त्याच्यासोबत गेलो.

कुशाबाईच्या ओसरीवर पाट मांडला होता. त्यावर विळे, खुरपी, ट्रॅक्टरची किल्ली आणि कडेला हळदीकुंकवाने माखलेलं एक पुस्तक. नीळकंठाने ते उचललं, कुंकू पुसून नाव वाचलं आणि माझ्यापुढे धरलं: ‘माडीवरचा मास्तर’.

“हे कुठलं, कुशाबाई?” मीच विचारलं.

“ह्यांच्याच घरचं की. मालक म्हणले, बंबात घाल. समदी घातली, पर विद्या हाय ती दादा, समदी कशी जाळायची? एक पदराआड ठिवलं. वाचाया कुठं येतंय मला? दर साली पुजते.”

नीळकंठाने पुस्तक उघडायला घेतलं, तर पानं एकमेकांना जोडलेली. जुनी पुस्तकं अशी येत. वाचणाऱ्याने कडा फाडून घ्यायच्या.

“मालकांनी एखादं तरी उघडलं होतं का?” त्याने विचारलं.

“छ्या! गठ्ठा आला तसा सुतळीसकट माझ्याकडं दिला. गाठ मीच इळ्यानं कापली.”

नीळकंठाने चाकू मागितला. कुशाबाईचा मुलगा हिंदुराव अवघडून म्हणाला, “आज हत्यार चालवत न्हाईत, आबा.” मग नीळकंठाने बोटानेच पानं सोडवली. कडा वेड्यावाकड्या फाटल्या. तिथेच खाटेवर बसून त्याने अख्खी कादंबरी वाचली. मध्ये चहा आला, त्यावर साय धरली. शेवटचं पान झालं तेव्हा ऊन कलत आलं होतं.

घरी पोचताच तो चपला न काढता आईच्या खोलीत गेला, मागोमाग मीही.

“आई, सापडलं! तू यात नाहीसच. घरमालकीण बहिरी म्हातारी विधवा आहे, चार ओळींत संपते. आणि बाबांनी हे उघडलंसुद्धा नव्हतं गं!”

यशोदाबाईंनी पुस्तकाकडे पाहिलं, हातात घेतलं नाही.

“मला माहीत होतं. मी त्यांच्यापुढे हात जोडले होते. म्हटलं, एकदा वाचा आणि मग काय ते बोला. म्हणाले, असली घाण मी वाचत नाही.” त्यांना धाप लागली. मी पाणी दिलं. मग त्या म्हणाल्या, “त्यांचं सोड. तू माझ्या पोटचा. इतकी वर्षं दारोदार हिंडलास. मला एकदा का नाही विचारलंस?”

“लाज वाटायची.”

“कसली? म्हणजे तुलाही ते खरंच वाटत होतं.”

नीळकंठाने नाही म्हणायला तोंड उघडलं. मीही मनात म्हटलं, म्हण बाबा, खोटं का होईना, म्हणून टाक. पण खोटं बोलणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. आई त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि तो तसाच उभा राहिला.