बारावं बीळ

अठ्ठावीस वर्षं नोकरी करून मी सुभेदार म्हणून रिटायर झालो. इंजिनिअर रेजिमेंट. पूल बांधणं, सुरुंग काढणं, बंकर खोदणं हे आमचं काम. त्या वेळी माझी पोस्टिंग होती एनिस, आयर्लंड. मुदत तीन महिने. कमांडिंग ऑफिसर माझी मुलगी शीतल. ती शॅननजवळच्या एका प्लांटमध्ये नोकरी करते, सकाळी सव्वासातला गाडी काढते. त्यानंतर मला ड्युटी नसायची. फौजी माणसाला रिकामं बसवलं की तो चमच्यांचंसुद्धा फॉल-इन घेतो. दुसऱ्याच आठवड्यात शीतल वैतागली.

"बाबा, प्रेसमधले डबे परत उंचीप्रमाणे लावलेत? मला हळद सापडत नाहीये!"

प्रेस म्हणजे इथलं कपाट. तिनेच मला शेजारच्या मिककडे धाडलं. म्हणाली, "तो पण आर्मीतला आहे. त्याचं डोकं खा."

मिक आयरिश आर्मीतून सार्जंट म्हणून निवृत्त झालेला. सत्तरी गाठलेला, दोन्ही गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. परसातल्या पिंजऱ्यात त्याची फेरेट होती. फेरेट म्हणजे आपल्या मुंगसासारखा लांबुळका प्राणी, पण मऊ आणि माणसाळलेला. ही मादी, नाव ब्रायडी. मिकने तीस वर्षं एकच वंश राखला होता आणि आता त्यातली ही एकटी उरली होती. वसंतात तिला नर दाखवायचा होता.

"ही गेली तर संपलं," मिक म्हणाला. "या वयात मी नवं काही सुरू करत नाही."

काम सशांचं होतं. जवळच्या एका शेतकऱ्याचा बांध सशांनी आतून पोखरला होता आणि एका गाईने त्यात पाय घालून मोडून घेतला होता. पद्धत सोपी आहे. बिळाच्या प्रत्येक तोंडावर जाळी लावायची. एका तोंडातून फेरेट आत सोडायची. तिच्या वासाने ससे पळतात आणि जाळीत येतात. फेरेटच्या गळ्यातल्या पट्ट्यात ट्रान्समीटर असतो, मिकच्या हातात रिसीव्हर. ती आत अडकली तर कुठे आणि किती खोल ते कळतं.

जानेवारीतला शनिवार. 08:30 ला आम्ही बांधावर पोचलो. मिकने ऑर्डर दिली. बोलायचं नाही. पाय आपटायचे नाहीत. बिळासमोर उभं राहायचं नाही.

"काही दिसलं तर?" मी विचारलं.

"हात वर कर. मी येतो."

अँबुशचा कायदाच होता, मला नवीन काही नव्हतं. मिक बांधाच्या अलीकडे, मी पलीकडे. अकरा तोंडं, अकरा जाळ्या. 09:10 ला ब्रायडी आत गेली. पाच मिनिटांत पहिला ससा माझ्या जाळीत आला, मागोमाग मिककडे एक. मिकने अंगठा वर केला. ग्रँड, म्हणजे इथलं झकास. मलाही बरं वाटलं. बऱ्याच वर्षांनी कोणीतरी मला कामाला लावलं होतं.

09:25 ला मला बांधाच्या पायथ्याशी, काटेरी झुडपाच्या मुळाशी बारावं तोंड दिसलं. पानांनी झाकलेलं, मुठीएवढं. माझ्याकडे जाळी शिल्लक नव्हती. हात वर करायला हवा होता. पण मिकचे गुडघे बघता त्याला बांध चढायला लावणं जिवावर आलं. ही झाली सबब. खरं सांगायचं तर मला शहाणपणा करायचा होता. जन्मभर भोकं बुजवली, त्यात हे एक. मी एक दगड हात पोचेल तितका आत सरकवला, वर मातीचं ढेकूळ दाबलं आणि जागेवर येऊन बसलो.

09:40. जमिनीखाली धडपड ऐकू आली. मग शांत. दहा मिनिटं झाली, वीस झाली. ब्रायडी बाहेर आली नाही. मिक रिसीव्हर घेऊन बांधावर चढला. झुडपापासून दोन हातांवर रिसीव्हर वाजायला लागला.

"चार फूट," मिक म्हणाला. "हलत नाहीये."

"खोदतो."

"सावकाश. पहार नको. तिच्या डोक्यात बसेल."

मिकला वाकता येत नव्हतं. तो रिसीव्हर धरून उभा राहिला, मी खोदलं. वरचे दोन फूट फावड्याने, पुढचं हातांनी. बांध मातीचा कमी, दगडांचाच जास्त. दर पाच मिनिटांनी मिक एकच शब्द बोलायचा. "डावीकडे." "खाली." शेवटी शेवटी नुसतं, "कम ऑन, ब्रायडी."

11:35 ला हाताला केस लागले. तो ससा होता, मेलेला, तोंड माझ्या दगडाला टेकलेलं. त्याच्यामागे ब्रायडी. तिच्यामागे दुसरा ससा. पुढचा दगडाशी अडला, मागचा घाबरून आत घुसला आणि ती दोघांच्या मधे कोंडली. मी तिला बाहेर काढलं. अंग अजून गरम होतं. मिकने तिला घेतलं, बोटाने छाती चोळली, तोंडात फुंकर घातली. बराच वेळ. मग त्याने पट्टा सोडवला आणि खिशात टाकला.

"हा दगड इथे कसा?" त्याने विचारलं.

"मी लावला. तोंड दिसलं होतं. बुजवलं. रिपोर्ट दिला नाही."

त्याने मला आईवरून शिवी दिली. मी ऐकून घेतली. माझी चूक होती, त्याची फेरेट होती. मला रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. तो दगडावर बसला, ब्रायडी मांडीवर. मी समोर सावधान उभा. किती वेळ ते पाहिलं नाही.

मग मी बोलायला लागलो. का, ते सांगता येणार नाही. बावीस वर्षांपूर्वी मी हवालदार होतो. डोंगरातली पोस्ट, उतारात खोदलेला बंकर. त्याच्या मागच्या भिंतीला भेग पडली होती आणि तिच्यातून पाणी झिरपत होतं. दुसऱ्या दिवशी कंपनी कमांडर इन्स्पेक्शनला येणार होते. मी ती भेग दगड आणि सिमेंटने बुजवली, वर वाळूच्या गोण्या रचल्या. वर कळवलं नाही. इंजिनिअरचा हवालदार मी, पाणी वाट शोधतं हे मला कोणी शिकवायला नको होतं. पहाटे 05:20 ला भिंत आत आली. लान्स नायक बबन शेळके खाली सापडला. आम्ही चार तास खोदलं. चौकशीत मला विचारलं ते मी सांगितलं. भेगेबद्दल कोणी विचारलं नाही.

मिकने मान वर केली. "त्याच्या घरच्यांना माहीत आहे?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतोस? घरी जा. हात धू. फोन कर."

ती ऑर्डर होती. 14:00 ला मी फोन लावला. तिकडे संध्याकाळचे साडेसात. बबनची बायको सुमन फलटणजवळ राहते. दर दिवाळीला मी फोन करतो, ती मला भाऊ म्हणते.

"आत्ता कसा फोन, भाऊ? सगळं ठीक ना?"

मी उभा राहून सांगितलं. भेग, सिमेंट, गोण्या, इन्स्पेक्शन. न थांबता. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्यांचं शेवटचं पत्र ते गेल्यावर नवव्या दिवशी आलं. त्यात होतं."

"काय होतं?"

"पाणी येतंय म्हणून ते भिंतीपासून लांब, दाराशी झोपायचे. मग लिहिलं होतं, हवालदारसाहेबांनी स्वतः भेग बुजवली, आता काळजी नाही. आजपासून आत, भिंतीकडेला झोपतो, तिथे ऊब असते."

मी खाली बसलो.

"ऐकताय ना, भाऊ?"

"हो."

"इतकी वर्षं तुम्ही दिवाळीला फोन करायचात. मला वाटायचं, आज सांगतील."

लान्स नायक बबन शेळके. वय सव्वीस. भिंतीकडेला झोपला होता.