निळ्या मशीनमागची खुर्ची

“एकच वायर, साहेब. बाकी सगळं पोटात.”

सीताबर्डीच्या आमच्या छापखान्यात लग्नपत्रिका छापायला आलेल्या गिऱ्हाइकाला तिथले जुने ऑपरेटर, भाऊ, कम्प्युटर दाखवत होते. मी त्याच दिवशी कामाला लागले होते आणि कुठे बसावं ते शोधत होते.

यंत्राबद्दल घरच्या माणसासारखं बोलणारा असा एखादा तुमच्याही ओळखीत असेल. पडदा आणि डबा एकातच असलेल्या त्या मॉडेलच्या सगळ्या पिढ्या आमच्याकडे होत्या, आणि सगळ्या त्यांनीच चालवलेल्या. पहिली निळी, आरपार दिसणारी, माठासारखी गोल. मग टेबललॅम्पसारखी मान वळवणारी. मग पांढरी. आता ॲल्युमिनिअमची, पाटीसारखी बारीक. “हिचं पोट गेलं ते माह्याकडे आलं,” म्हणत ते स्वतःच्या पोटावर थाप मारत.

निळी केव्हाच बंद पडली होती. तरी दसऱ्याला झेंडूचं पहिलं फूल तिलाच. प्रूफं तपासायला मी तिच्यामागची खुर्ची धरली, कारण तिथे मी गिऱ्हाइकाला दिसत नसे. शाळा इंग्रजी, त्यामुळे माझं मराठी पुस्तकी. टाइप करायला ठीक, पण अनोळखी माणसापुढे बोलायचं म्हटलं की मी मान खाली घालून कागद चाळत राही. आणि आमच्याकडे प्रूफ गिऱ्हाइकापुढे मोठ्यानं वाचूनच पास होतं. ते काम त्यांचं.

“काहून लपून राहिली वं?” त्यांनी एकदाच विचारलं. मी खुर्ची आणखी आत ओढली.

पुढच्या सोमवारी निळी कपाटावर गेली आणि माझ्यापुढे लॅम्पवाली आली. तिची मान मी खाली ओढून घेई, ते जाता-येता वर करत. काही दिवसांनी पांढरी आली. मग एका सकाळी बारीक मशीन, थेट काउंटरला लागून.

“कंपनीनंच आडोसा काढून टाकला. मी काय करू?” ते म्हणाले.

मग त्यांनी काम सोडून काटोलला मुलाकडे जायचं ठरवलं. मालक म्हणाले, “काउंटरवर बोलणारं माणूस पाहा लागेल.”

“आहे ना,” ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता चहा पीत राहिले.

“पाहू महिनाभर,” मालक म्हणाले. “नाही जमलं तर दुसरं कोणी ठेवू.”

ते गेल्यावर पहिल्याच सकाळी कुहीचे एक काका मुलीची लग्नपत्रिका छापायला आले. भाऊंची रिकामी खुर्ची पाहून दारातच थबकले.

“ते भाऊ नाहीत काय? मंग नंतर येतो.”

मालकांनी मान वर केली. निळी कपाटावर होती, वाळलेल्या झेंडूसकट. मी उभी राहिले.

“बसा ना काका. काय छापायचं, मले सांगा. मी वाचून दाखवते.”